रताळ्याला पेव का मिळाले नाही

मराठवाड्यातल्या जुन्या गावाची पांढरी खणली की कुठे ना कुठे पेव लागते. रस्ता रुंद करताना किंवा पडक्या वाड्याच्या जागी नवा पाया घेताना अरुंद तोंडाचा, पोटात फुगलेला खड्डा उघडा पडतो आणि त्याच्या तळाशी काळे पडलेले भुसकट सापडते. या खड्ड्यांत ज्वारी तीन-तीन, चार-चार वर्षे टिकत असे. याच गावांत रताळेही पिढ्यान्‌पिढ्या पिकत आणि खाल्ले जात आले आहे, पण मातीत जन्मणाऱ्या या कंदाला मातीतले घर कुणी दिले नाही. नांदेड जिल्ह्यातले उमरी हे मुदखेड आणि धर्माबादच्या मधले रेल्वेचे गाव. भोवती काळी जमीन, दक्षिणेला गोदावरीचे पात्र, गावात कापसाचा आणि धान्याचा मोंढा. अशा गावाचा अन्नाचा इतिहास लिहिताना आपण काय पिकत होते याची यादी करतो. माझे म्हणणे असे की, प्रश्न काय पिकत होते हा नसून काय टिकत होते हा आहे. रताळे मराठवाड्यात उपवासाचे अन्न झाले आणि दुष्काळाचे अन्न झाले नाही, याचे कारण लोकांच्या आवडीनिवडीत नाही, अज्ञानात तर नाहीच. ते घरातल्या साठवणीच्या गणितात आहे.

आधी पेव नीट समजून घेतले पाहिजे, कारण रताळ्याचा निकाल तिथेच लागतो. पेव काळ्या रानात काढत नसत. काळी माती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. पेवासाठी गावठाणाची उंच पांढरी किंवा घट्ट मुरमाची जागा निवडायची, माणूस उतरेल एवढे तोंड ठेवून खाली पोट मोठे करीत न्यायचे, आत जाळ करून भिंती सुकवायच्या, शेणामातीने लिंपायच्या, तळाला आणि बाजूंना कडबा, भुसकट यांचा जाड थर द्यायचा आणि मग उन्हात कडकडीत वाळवलेली ज्वारी ओतायची. तोंडावर शिळा ठेवून ती मातीने लिंपली की काम झाले. आत उरलेल्या हवेतला प्राणवायू दाणे आणि त्यांच्यातली कीड वापरून टाकतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि मग सोंड्या किडा जगत नाही आणि बुरशी पसरत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे, दोरीने दिवा सोडून तो जळतो की विझतो ते पाहायचे, मगच माणूस खाली जायचा. घाईने उतरलेली माणसे गुदमरून मेली आहेत. कडेचे दाणे काळवंडत, जुन्या पेवातल्या भाकरीला एक उग्र वास येई, आणि पेवातली ज्वारी पुष्कळदा उगवत नसल्याने बियाणे वेगळे, राख आणि लिंबाचा पाला घालून, कणगीत ठेवावे लागे. तरीही पोट भरण्यापुरते हे धान्य खरे होते आणि खंडीने मोजता येत होते. एक खंडी म्हणजे वीस मण. चांगल्या पेवात अशा अनेक खंड्या मावत.

आता याच पेवात रताळी टाकून पाहू. ज्वारीच्या वाळल्या दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असते, रताळ्यात सत्तर टक्के. दाणा झोपलेला असतो. कंद मात्र काढल्यानंतरही जिवंत असतो, भरभर श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. हवाबंद खड्ड्यात तो काही दिवसांत गुदमरतो, त्याला आंबूस वास येतो आणि एक सडका कंद शेजारच्या दहांना घेऊन जातो. रताळ्याला टिकायला जे लागते ते पेवाच्या नेमके उलट आहे. काढल्यावर चार ते सात दिवस तीस अंशांच्या आसपासची उबदार, दमट हवा मिळाली तर त्याच्या खरचटलेल्या सालीवर नवे कातडे धरते. त्यानंतर तेरा ते पंधरा अंशांचा गारवा, थोडी ओल आणि खेळती हवा असेल तर ते काही महिने राहते. दहा-बारा अंशांखाली गेले तर थंडी बाधते, आतून काळे पडते, शिजवले तरी मध्ये दडस राहते. म्हणून ते फ्रिजमध्येही ठेवायचे नसते. सोळा-सतरा अंशांच्या वर गेले की डोळे फुटतात, कोंब येतात, आणि उन्हाळ्यात ते सुरकुतून काठीसारखे होते.

हे आकडे नांदेडकडच्या ऋतूंवर बसवले की एक गोष्ट लख्ख दिसते. जून-जुलैत लावलेल्या वेलाची रताळी चार महिन्यांत, म्हणजे कार्तिकाच्या आसपास निघतात. तेव्हा दिवसाची हवा अजून उबदार असते, जमिनीत ओल असते, आणि सावलीत पसरलेल्या ढिगावर कडबा टाकला तर सालीवर कातडे धरण्याचे काम आपोआप होते. मार्गशीर्ष-पौषात रात्रीचा पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो आणि माळवदाच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीचा गारवा रताळ्याला मानवतो. बाजेखाली किंवा कोपऱ्यात कोरड्या वाळूत, मातीत अथवा राखेत थर देऊन ठेवलेली रताळी माघापर्यंत निभतात. पुढे महाशिवरात्र येते आणि तिच्या पाठोपाठ ऊन तापू लागते. कार्तिकी एकादशी ते महाशिवरात्र हा रताळ्याच्या सणांचा काळ आणि घरात रताळे राहू शकण्याचा काळ जवळजवळ एकच आहे. ही निव्वळ जुळणी असेल असे मला वाटत नाही. रब्बीत विहिरीच्या पाण्यावर लावलेली रताळी तर शिवरात्रीलाच निघतात, थेट सरीतून चुलीच्या आरात. आषाढी एकादशी मात्र या चौकटीबाहेर पडते. जून-जुलैत ताजे रताळे हवे असेल तर बारमाही पाणी आणि दूरची वाहतूक लागते. आज पुण्याच्या बाजारात आषाढीला करमाळ्याकडून आणि कर्नाटकातून रताळी येतात. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावाला हे पूर्वी घरच्या घरी शक्य नव्हते.

यावर पहिला आक्षेप साधा आहे. काढून साठवता येत नसेल तर रताळे जमिनीतच राहू द्यावे, लागेल तेव्हा लागेल तेवढे खणावे. आफ्रिकेच्या आणि न्यू गिनीच्या पावसाळी मुलुखांत लोक हेच करतात, जमीन हेच त्यांचे कोठार. पण त्यासाठी जमीन ओली आणि भुसभुशीत राहायला हवी. उमरीच्या शिवारातली काळी माती दिवाळीनंतर आटू लागते आणि माघ-फाल्गुनात हात जाईल अशा भेगा पडतात. रताळ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सोंड असलेला एक निळसर-तांबडा भुंगा. तो स्वतः खोल माती उकरू शकत नाही. तो भेगांतून खाली जातो आणि कंदात अंडी घालतो. अळीने पोखरलेले रताळे स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्ये तयार करते. मग थोडेसे किडलेले रताळेही माणूस खाऊ शकत नाही आणि जनावरालाही घालणे धोक्याचे ठरते. कापसाला आणि ज्वारीला मानवणारी जमीन इथे रताळ्याच्या मुळावर येते. जमिनीतले कोठार हवे असेल तर नदीकाठची मळई किंवा विहिरीखालचा मळा हवा, आणि त्याला पाणी देत राहायला हवे. अशी जमीन गोदावरीच्या काठाने होती, पण थोडी होती आणि थोड्यांची होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, कारण तो जगाच्या इतिहासातून येतो. रताळे अमेरिकेतून निघाले आणि सोळाव्या शतकात आशियात पसरले. १५९३ मध्ये चेन झेनलाँग नावाच्या व्यापाऱ्याने ते लुझोनहून चीनच्या फुजियान प्रांतात नेले आणि पुढच्याच वर्षीच्या टंचाईत तिथल्या सुभेदाराने त्याची लागवड करायला लावली. जपानमध्ये १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या विद्वानाने १७३५ मध्ये एदोत त्याची प्रायोगिक लागवड केली. न्यूझीलंडमध्ये तर माओरींनी रताळ्यासाठी खास खड्डे खोदले, त्यांवर छपरे घातली, निचऱ्याचे चर काढले. त्या खड्ड्यांच्या खुणा उत्तर बेटाच्या टेकड्यांवर आजही दिसतात. आणि वीणा गवाणकरांच्या १९८१ च्या ‘एक होता कार्व्हर’मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बसून त्याने गरीब काळ्या शेतकऱ्यांसाठी रताळी राखण्याच्या आणि वापरण्याच्या पत्रिका लिहिल्या, पहिल्या महायुद्धात गव्हाला जोड म्हणून रताळ्याचे पीठ पुढे आणले. मग जे फुजियानला, एदोला, अलाबामाला जमले ते मराठवाड्याला का जमू नये? पेव खणणारे हात तर इथेही होते.

उत्तर असे की या मुलुखांना रताळे वाचवायचे होते ते मुख्यतः थंडीपासून. तिथला कठीण काळ म्हणजे हिवाळा. खड्डा, मातीचा ढीग, गवताचे आच्छादन, शेकोटीची खोली ही सारी साधने ऊब धरून ठेवण्याची आहेत, आणि ऊब धरून ठेवणे माणसाला फार पूर्वीपासून येते. मराठवाड्यातला कठीण काळ म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ, जेव्हा नांदेडचा पारा बेचाळीसवर जातो. इथे गारवा निर्माण करावा लागतो, आणि तो विजेशिवाय कोणत्याही घराला निर्माण करता येत नव्हता. जमिनीत खोल गेल्याने प्रश्न सुटला असता का? जसजसे खोल जावे तसतसे मातीचे तापमान त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीजवळ येते. न्यूझीलंडच्या उत्तरेकडे ती सरासरी चौदा-पंधरा अंश आहे, म्हणजे रताळ्याला अगदी हवी तेवढीच. नांदेडकडे ती सव्वीस-सत्तावीसच्या आसपास आहे. त्या उबेत ज्वारी सुखाने पडून राहते, रताळे उगवू लागते. माओरींचा खड्डा आणि आपले पेव दिसायला भावंडे, पण एकाने कंद सांभाळला आणि दुसऱ्याने दाणा, तो या बारा अंशांच्या फरकामुळे. इथल्या शेतकऱ्याला कार्व्हर भेटला नाही हे खरे, पण भेटला असता तरी त्याची शेकोटीची खोली इथे वैशाखात निरुपयोगी ठरली असती.

मग वाळवण का नाही, असे कुणी विचारील, आणि हा प्रश्न मला या सगळ्यांत कठीण वाटतो. ऊन हा शत्रू असेल तर त्यालाच कामाला लावावे. मराठवाड्यातल्या बाया कुरडया, पापड, खारोड्या, सांडगे माळवदावर वाळवतच होत्या. गवार आणि वांग्याच्या फोडीही वाळत. युगांडातल्या तेसो भागात लोक रताळ्याच्या चकत्या वाळवून कणगीत भरतात आणि कोरडा हंगाम काढतात. आपल्याकडेही उकडलेल्या रताळ्याचे काप आणि कीस वाळवून उपवासासाठी डब्यात ठेवतात. पण ते डब्याच्या मापाचे राहिले, कणगीच्या मापाचे झाले नाहीत. याचे कारण श्रमात आहे. चार मण रताळी धुवून, चिरून, उलथीपालथी करून वाळवली तर जेमतेम सव्वा मण कोरडा माल हाती येतो. ज्वारी शेतातच ताटावर वाळून येते. शिवाय रब्बीची रताळी निघतात तेव्हाच रब्बी ज्वारीची सुगी असते. घरातली प्रत्येक बाई काढणीला, खळ्यावर किंवा मजुरीला गेलेली असते. चिरण्याचे हे सगळे काम तिच्याच वाट्याला येणार होते. त्यात वाळलेला गोड काप पावसाळ्याच्या दमट हवेत चिवट होतो, त्याला बुरशी आणि कीड लवकर लागते. मराठवाड्याला दाण्याचा सोपा पर्याय होता. बायकांच्या वेळाची किंमत इतिहासात कुठे लिहिलेली नसते, पण अशा निवडींमध्ये ती स्पष्ट वाचता येते.

ज्वारी सोपी होती, पण कुणासाठी? पेव देशमुखाचे, पाटलाचे, सावकाराचे. सालगडी आणि मजूर यांच्या झोपडीत फार तर एखादे गाडगे किंवा लहान कणगी. मग ज्याच्याकडे पेव नाही त्याने तरी रताळ्याकडे का वळू नये? इथे जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाचे म्हणणे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या मते दाणा एकाच वेळी पिकतो, मोजता येतो, वाहून नेता येतो, म्हणून राज्यसत्तेला तो आवडतो. कंद जमिनीत लपतो, म्हणून कर चुकवणाऱ्यांना तो आवडतो. आग्नेय आशियातल्या डोंगरांबद्दल हे पटते. काळ्या रानात ते लागू पडत नाही, कारण लपवायला जी ओली जमीन लागते तीच गरिबाकडे नव्हती. त्याला मजुरी ज्वारीत मिळे, बलुते ज्वारीत मिळे, आणि आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपले की तो सावकाराच्या पेवातून वाढीदिढीने ज्वारी उचली. पेवातून आलेल्या मणाचे सुगीत दीड मण फेडायचे. हे व्याज क्रूर होते. पण ते शक्य झाले कारण ज्वारी आषाढात देऊन माघात परत घेता येत होती आणि दोन्ही वेळा पायलीने सारखीच मोजता येत होती. रताळे उसने देता येत नाही, त्याचे व्याज घेता येत नाही, मजुरी म्हणून सहा महिने पुरवता येत नाही. पुढे पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांनी हैदराबाद संस्थानात सारा रोख भरण्याची पद्धत रुजली आणि पैसा देणारे पीक हवे झाले. १९०१ पर्यंत मनमाड-सिकंदराबाद मार्ग पूर्ण झाला, उमरीला स्थानक आले, आणि मोंढ्यातून कापूस व धान्य मुंबई-हैदराबादकडे जाऊ लागले. गरिबाने रताळे नाकारले असे म्हणण्यापेक्षा, त्याची मजुरी, कर्ज आणि सारा ज्या व्यवस्थेत गुंतला होता तीत नाशवंत वस्तूला जागाच नव्हती, असे म्हणणे मला योग्य वाटते.

उपवासाचा मुद्दा याच ओघात पाहायला हवा. कुणी म्हणेल की रताळे फराळाचे ठरले आणि म्हणून रोजच्या ताटातून ते दूर राहिले. धर्माने त्याची जागा आधी ठरवली, साठवणीचा प्रश्न मागाहून आला. मला क्रम उलटा दिसतो. उपवासाला धान्य चालत नाही, एवढाच मूळ नेम. बाहेरून आलेले बटाटा, भुईमूग, साबुदाणा हेही फराळात शिरले, पण बटाटा आणि भुईमूग रोजच्या स्वयंपाकातही ठाण मांडून बसले, फराळाने त्यांना अडवले नाही. शेंगा पोत्यात वर्षभर राहतात, बटाटा शीतगृहात राहतो. ज्याची साठवण जमली ते फराळातून ताटात आले. रताळे मात्र फराळात राहिले, कारण नेमलेल्या दिवशी ताजे लागणारे आणि त्या दिवशी ताजे मिळणारे असे ते अन्न होते. गुळातुपातल्या चकत्या असोत की दुधाबरोबर खाल्लेले उकडलेले रताळे, त्यासाठी ढिगाची गरज नव्हती. विहिरीजवळच्या चार सऱ्या पुरत होत्या.

दुष्काळाच्या वर्षी या चार सऱ्यांचे काय होई, हे पाहिले की माझ्या म्हणण्याचा शेवटचा पुरावा मिळतो. रताळ्याचे बी साठवत नाहीत, वेल साठवतात. पुढच्या पावसाळ्यात लावायचे तुकडे हवे असतील तर उन्हाळाभर वेल जिवंत ठेवावा लागतो, विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाटाच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर. विहीर आटली की वेल वाळतो, आणि पुढच्या वर्षी पाऊस चांगला पडला तरी लावायला काही उरत नाही. म्हणजे दुष्काळात ज्या पिकाने धावून यायचे तेच दुष्काळात आधी मरणार. १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पेवे रिकामी झाली, पण रिकाम्या पेवाला पुढच्या सुगीला पुन्हा भरता येत होते आणि ज्वारीचे बी गाडग्यात टिकत होते. १९७२ च्या दुष्काळापर्यंत परिस्थिती बदलली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सरकारी लेव्हीने साठ्यावर नजर ठेवायला सुरुवात केली होती, मोंढा आणि रोख पैसा यांनी घरातली ज्वारी बाहेर काढली होती, पेवे बुजत चालली होती. त्या वर्षी मराठवाड्याने परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. घरात साठा नव्हता, आणि त्याची जागा घ्यायला शिवारात कंदही नव्हता.

आज या गणितातल्या काही संख्या बदलल्या आहेत. विष्णुपुरीसारख्या प्रकल्पांनी गोदावरीचे पाणी उचलले, ठिबकखाली वरंब्यावर रताळे घेतले तर माती फाटत नाही आणि भुंग्याला वाट मिळत नाही. वेलही उन्हाळ्यात जगवता येतो. कार्तिकात निघालेली रताळी न धुता, जखमी वेगळी काढून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवली आणि नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत एकमेकांना न लागता मांडली, तर गार खोलीत माघापर्यंत ती आजही टिकतील. फक्त माळवदाची गार खोली गेली आहे. सिमेंटच्या छताखाली हिवाळ्यातली दुपारही तापते, त्यामुळे जुन्या घरात जो साठा शिवरात्र गाठायचा तो नव्या घरात पौषातच कोंब धरतो.